रानटर्कीला मका घातला तर अंडी टिकतील का?

लानोकाठची | १६ फेब्रुवारी, २१:१२

मंडळी, पक्षीवाल्यांचा सल्ला हवाय. टेक्सासातल्यांनी तर नक्की लिहा.

आम्ही ऑस्टिनला राहतो. तीन वर्षांपूर्वी लानो गावाच्या पुढे २२ एकर माळ घेतला. लाइव्ह ओक, सीडर, निवडुंग आणि दगड. आधीच्या मालकाच्या शेळ्या होत्या म्हणून जमिनीला शेतीचा, म्हणजे कमी दराचा टॅक्स लागायचा. शेळ्या राखणं आम्हाला जमणारं नाही, तेव्हा तीच सवलत टिकावी म्हणून आता 'वाइल्डलाइफ मॅनेजमेंट'खाली अर्ज करतोय. (टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स ज्यांनी भरलाय त्यांना हा खटाटोप का ते कळेल.) त्यात सात कामं दिलेली असतात: अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, भक्षकांवर नियंत्रण, पाणी, जादा खाद्य, आसरा आणि शिरगणती. यातली किमान तीन करायची.

खाद्य सगळ्यात सोपं. तिपाईवरचा फीडर आणायचा, गोणी ओतायची, टायमर लावायचा, झालं. आमच्याकडे रानटर्की येतात, रिओ ग्रांडे जातीच्या. थंडीत तर चाळीस-चाळीसचा थवा असतो. त्यांच्यासाठी मका घालू असं नवऱ्याचं मत. शेजारचे रँचवाले आजोबा म्हणतात, "मका खाल्ला की मादी जोमदार होते, जास्त अंडी घालते." सासूबाई साताऱ्याहून आल्यात, त्या म्हणतात पाखरांना दाणापाणी घालण्यात विचारायचं काय!

माझ्या मनात मात्र पाल चुकचुकतेय. गेल्या एप्रिलमध्ये कुंपणाजवळ निवडुंगाच्या बुडाशी एका मादीचं घरटं सापडलं होतं. ११ अंडी. मी लांबूनच बघून मागे फिरले. नवव्या दिवशी नुसती टरफलं. आणि तिथून सत्तर-ऐंशी पावलांवर आजोबांचा फीडर आहे.

तर प्रश्न असा: खाद्य घातल्याने टर्कीच्या विणीला खरंच मदत होते का?

---

टवाळ_टोणगा | १६ फेब्रुवारी, २१:२०

अंडी टिकवायची असतील तर फ्रीजमध्ये ठेवा. (दिवे घ्या.)

---

मिरजेची_मैना | १६ फेब्रुवारी, २१:३४

वाचतेय. एक बाळबोध शंका: टर्की उडते? मी फक्त ताटातली बघितलीय.

---

गव्हाणी_घुबड | १६ फेब्रुवारी, २१:५१

मैना, ताटातली उडत नाही. तिची छाती माणसाने इतकी वाढवून ठेवलीय की तिला नीट चालणंही जड जातं. रानातली सडसडीत असते, जोरात पळते, गरज पडली की चांगली उडते आणि रातथाऱ्याला उंच झाडावर जाते. अंडी मात्र जमिनीवर. सगळी गोम तिथेच आहे.

---

रानभूल | १६ फेब्रुवारी, २३:४०

माझा विषय. दक्षिण टेक्सासात वन्यजीव शिकले, त्यातली दोन वर्षं टर्कीमागे काट्याकुट्यात काढली. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. मादी अंडी घालते का, अंडी फुटेपर्यंत टिकतात का, आणि पिल्लं जगतात का. खाद्याचा संबंध लागला तर पहिल्याशी लागतो. नुकसान होतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी.

मादी साधारण १०-१२ अंडी घालते, दिवसाला एक या बेताने, मध्ये एखादा दिवस खाडा. म्हणजे दोन आठवडे नुसती घालण्यातच जातात. तेवढे दिवस ती बसत नाही. अंडं घालते, वर पालापाचोळा ओढते आणि निघून जाते. शेवटचं अंडं झालं की खुडूक होते आणि मग २८ दिवसांची बैठक. दिवसातून एखादा फेरा चारापाण्यासाठी, बाकी जागची हलत नाही. सगळी पिल्लं जवळपास एकदमच फुटतात आणि दुसऱ्या दिवशी आईमागे चालू लागतात, पण झाडावर चढण्याइतकं उडायला त्यांना आणखी दोनेक आठवडे लागतात. हिशेब करा: आठ आठवडे सगळा संसार जमिनीवर. आणि त्या जमिनीवर रकून, स्कंक, ओपोसम, कोल्हे, कायोटी, रानडुकरं, अंडी गिळणारे साप, वरून कावळे. बापाचा पत्ता नाही. नराचं काम पिसारा फुलवून संपलं.

बहुतेक घरटी मोडतात. तीन मोडली आणि एक फुटलं तर त्यात नवल नाही. ती उपासमारीने मोडत नाहीत, कोणीतरी खाऊन टाकतं. मग मादीला आणखी एक मूठ मका घालून त्या अंड्यांचं काय भलं होणार?

उलट फीडरखाली सांडलेला मका रात्री कोण खातं ते कॅमेरा लावून बघा. रकूनला रोज ठरल्या वेळी ठरल्या जागी जेवण मिळालं की तो तिथेच मुक्काम ठोकतो, आणि जाता-येता शंभर पावलांतलं गवत हुंगतो. तुमची ११ अंडी कोणी खाल्ली ते मी शपथेवर सांगू शकत नाही. संशय कुणावर घ्यावा ते सांगू शकते.

---

फोर्टवर्थचा_फौजदार | १७ फेब्रुवारी, ०७:०५

रानभूल, पुस्तकी बोलताय असं वाटलं, राग मानू नका. मी गेली अठरा वर्षं मित्राच्या रँचवर शिकारीला जातो, खाली उव्हाल्डीकडे. २०११ च्या दुष्काळात आजूबाजूच्या माळांवर टर्कीचं एक पिल्लू दिसलं नाही. आमच्याकडे प्रोटीन पेलेटचे फीडर होते, तिथे माद्यांमागे पिल्लं होती. फार नव्हती, पण होती. डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं म्हणू?

शिवाय बसलेली मादी दिवसातून एकदाच उठते म्हणता ना? खाद्य जवळ असेल तर ती लवकर परत येणार. अंडी उघडी कमी वेळ राहणार.

---

रानभूल | १७ फेब्रुवारी, ०८:३०

@फौजदार, राग कसला. तुम्ही बघितलं ते मला अशक्य वाटत नाही. म्हणूनच पहिला प्रश्न वेगळा काढला.

रिओ ग्रांडे टर्कीचं सगळं गणित पावसावर आहे. आदल्या शरदात आणि थंडीत पाऊस झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळी हिरवळ येते, किडे येतात, मादीच्या अंगावर चरबी चढते. कोरड्या साली बऱ्याच माद्या घरट्याच्या भानगडीतच पडत नाहीत, आणि पहिलं मोडलं तर दुसरं घालायची ताकद त्यांच्यात नसते. अशा वर्षी प्रथिनं असलेलं खाद्य मिळालेली मादी निदान अंडी घालायला तयार होत असेल, हे मला मान्य आहे. पण तुम्ही पेलेट म्हणताय. ताई मका म्हणतायत. दोन्हींत फरक आहे.

आणि लवकर परत येण्याचं म्हणाल, तर ती परत येते त्याच वाटेने दुसराही कोणी येतो.

---

टवाळ_टोणगा | १७ फेब्रुवारी, ०८:३२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मक्याचेच आहेत.

---

पोल्ट्रीवाले_काका | १७ फेब्रुवारी, १०:१५

एरवी रोमात (नुसता वाचत) असतो, पण मक्याचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. नाशिकजवळ माझी लेअरची (अंड्यांच्या कोंबड्यांची) पोल्ट्री होती, २६ वर्षं.

मका म्हणजे इंधन. त्यात प्रथिनं जेमतेम ८ टक्के आणि कॅल्शियम जवळपास शून्य. अंड्याच्या कवचाला लागतं कॅल्शियम. नुसत्या मक्यावर लेअर ठेवली तर पंधरा दिवसांत पातळ कवचाची अंडी देईल, मग बंद. रानातल्या मादीला हे कळतं, ती त्या दिवसांत गोगलगाई, किडे, हिरवा पाला शोधत फिरते. तिला फीडरखाली उभं करून मका खायची सवय लावणं म्हणजे बाळंतिणीला डिंकाच्या लाडवाऐवजी कुरमुरे देणं. टर्कीच्या पिल्लाच्या स्टार्टरमध्ये तर २८ टक्के प्रथिनं लागतात. रानात ती नाकतोड्यांतून आणि अळ्यांतून मिळतात. इवलंसं पिल्लू मक्याचा अख्खा दाणा गिळणारही नाही.

दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं: बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्कीची पिल्लं अचानक मेली. कारण कळेना म्हणून रोगाला नावच पडलं 'टर्की एक्स'. शोध घेतला तेव्हा निघालं, खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि तिच्यावर बुरशी. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. म्हणजे हे विष जगाला कळलं तेच टर्कीमुळे, कारण टर्कीला ते फार बाधतं. कोंबडी सहन करेल तेवढ्यात टर्की आटपते.

फीडर मका जमिनीवर उधळतो, वर पाऊस पडतो, ऊन पडतं, दमट होतो. आम्ही मक्याची गाडी आली की आधी ओलावा तपासायचो, मग पावती. घालणारच असाल तर गोणीवर अफ्लाटॉक्सिन २० पीपीबीच्या (अब्जात २० भागांच्या) आत लिहिलंय का बघा, आणि कालचा संपल्याशिवाय आजचा टाकू नका.

---

लानोकाठची | १७ फेब्रुवारी, १९:४८

काका, कुरमुरे वाचून नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने ऑलरेडी दोन गोण्या आणून ठेवल्यात. एक मका आणि एक 'मायलो'.

मायलोची गोणी सासूबाईंनी उघडली. मूठभर हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, ही तर ज्वारी! आणि तू मला तीन आठवडे गव्हाच्या पोळ्या करायला लावतेयस?"

---

पोल्ट्रीवाले_काका | १७ फेब्रुवारी, २०:०२

भाकरी करू नका हो! जनावरांच्या खाद्याचा माल आहे तो, धूळ-बुरशी काय असेल सांगता येत नाही.

---

मिरजेची_मैना | १७ फेब्रुवारी, २०:१०

इथे टर्की राहिली बाजूला, सासूबाई वाचल्या.

---

म्हापशेकार | १७ फेब्रुवारी, २२:२६

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या गोंयात पोर्तुगीज होते तोवर हा पक्षी 'पेरू'. पोर्तुगीजमध्ये टर्कीला पेरूच म्हणतात. इंग्रजांना वाटलं तो तुर्कस्तानातून आला, फ्रेंचांना वाटलं हिंदुस्थानातून, म्हणून त्यांचा 'दँद', आणि खुद्द तुर्कस्तानात त्याचं नाव 'हिंदी'. बिचारा मेक्सिकोचा. त्याचा गाव सोडून बाकी सगळ्यांची नावं त्याला चिकटली.

आणि हिंदुस्थानात आला तो गोव्यातूनच. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याला धाडला, चमत्कारिक वस्तू आणायला. १६१२ मध्ये त्याने जे पक्षी-प्राणी नेले त्यात टर्की होती. बादशहा इतका चकित झाला की त्याने आपल्या आठवणींत तिचं वर्णन लिहून ठेवलं, डोक्यावरचा मांसल तुरा हत्तीच्या सोंडेसारखा लांबतो आणि सरड्यासारखे रंग पालटतात म्हणून. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

---

टवाळ_टोणगा | १७ फेब्रुवारी, २२:३१

म्हणजे धाग्याचा प्रश्न असा: पेरूला मका घातला तर अंडी येतील का? माझ्या परसातल्या पेरूला शेणखत घातलं तर पेरू येतात. कृपया तज्ज्ञांनी मार्गदर्शन करावे.

---

बॉस्टनची_मावशी | १८ फेब्रुवारी, ०४:५५

टोणग्या, तुला कोणीतरी मोदक द्या रे.

आमच्याकडची उलटी कथा. मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टर्की पार संपली होती. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमधून ३७ पक्षी आणून बर्कशर डोंगरांत सोडले. आज माझ्या ब्रुकलाइनच्या रस्त्यावर त्या ट्रॅफिक अडवतात. कोणी त्यांच्यासाठी फीडर लावले नव्हते. जागा मिळाली, शिकारीवर लगाम आला, जंगल परत वाढलं, बस.

आता लोक प्रेमाने पाव टाकतात आणि वसंतात पस्तावतात. ज्या नराला माणसाची भीती उरली नाही तो माणसालाही आपल्या कळपातला समजतो, आणि कळपात कोण वरचढ ते ठरवायला येतो. माझ्या शेजारणीच्या काळ्या गाडीत त्याला दुसरा नर दिसला. दाराचा पत्रा टोचून टोचून सोलून काढला. राज्याचं वन्यजीव खातं कंठशोष करून सांगतं: खायला घालू नका. ऐकतंय कोण. दादरच्या कबुतरखान्याची बातमी वाचली तेव्हा मला ब्रुकलाइनच आठवलं.

---

शंकासुर | १८ फेब्रुवारी, ०९:१२

कबुतरखाना काढू नका, धाग्याचं काश्मीर होईल.

मूळ प्रश्न सोपा करता येईल की. हॅचरीतून टर्कीची पिल्लं विकत घ्या, मोठी करा, सोडून द्या. रकून किती खाईल?

---

रानभूल | १८ फेब्रुवारी, ०९:५०

@शंकासुर, सगळी खाईल. अमेरिकेत ही हौस कित्येक वर्षं करून झालीय. पिंजऱ्यात वाढलेल्या टर्कीला ना आईची हाक कळते, ना ससाण्याची सावली. हजारो सोडल्या, उरल्या नाहीत, वर पोल्ट्रीतले रोग रानात जायची भीती. यश आलं ते रानातलेच पक्षी जाळ्यात पकडून दुसऱ्या रानात सोडल्यावर. मावशींचे ३७ त्यातलेच.

आणि फौजदारांसाठी कबुली: ते पक्षी पकडायला आमिष काय वापरायचे? मका. रोज एका जागी मका टाकून थवा जमवायचा आणि तोफेसारखं उडणारं जाळं त्यांच्या अंगावर फेकायचं. मक्याने टर्की वाचली असं म्हणायचंच असेल तर ती अशी वाचली.

---

शिरूरकर | १८ फेब्रुवारी, १३:२०

टर्कीतलं कळत नाही, पण मोर तिचा चुलतभाऊच. मोराची चिंचोली आमच्या तालुक्यात. पर्यटक दाणे टाकतात, मोर येतात, फोटो निघतात. पण लांडोर अंडी घालते ती दाण्याच्या ओट्याजवळ नाही. ती बांधावरच्या जाळीत, घाणेरीत, ओढ्याच्या कडेला जाते. ज्या वर्षी बांध जेसीबीने साफ केले, त्या वर्षी दाणे तेवढेच होते पण पिल्लं कमी दिसली. हे मोजलेलं नाही, म्हातारी माणसं सांगतात ते सांगतोय.

शिवाय पेरणीच्या वेळी औषध लावलेलं बी खाऊन मोर मरतात, ते वेगळंच. पाखराला वाटतं दाणा दिसला म्हणजे आपलाच.

---

फोर्टवर्थचा_फौजदार | १८ फेब्रुवारी, १८:४०

शिरूरकरांचा मुद्दा पटला. आमच्या रँचवरही गुरं कमी केल्यावर गवत वाढलं होतं, हे मी मघाशी सांगितलं नाही, कारण तेव्हा डोक्यात आलं नाही. म्हणजे पिल्लं पेलेटमुळे की गवतामुळे? आता मलाच कोडं पडलं.

तरीपण शेळ्यांनी खरवडलेल्या २२ एकरांवर गवत यायला वर्षं जातील. तोवर काय करायचं?

---

रानभूल | १८ फेब्रुवारी, २०:१५

तुम्ही कोड्यात पडलात, इथेच मला शंभर टक्के आनंद झाला. :-)

ताई, आणखी एक. थंडीत दिसणाऱ्या चाळीस टर्की तुमच्या नाहीत. त्यांचा रातथारा लानोकाठच्या पेकनच्या झाडांवर असणार. मार्चमध्ये थवा फुटतो आणि रिओ ग्रांडेच्या माद्या घरटं शोधत कित्येक मैल जातात. म्हणजे डिसेंबरात तुम्ही ज्यांना खाऊ घातलंत त्या एप्रिलमध्ये भलत्याच्याच रानात बसलेल्या असू शकतात. तुमच्याकडे कोण थांबणार ते तुमच्या गवतावर ठरेल. निदान गुडघाभर उंच, झुबक्याझुबक्याचं गवत, मध्ये एखादं झुडूप, म्हणजे बसलेली मादी दिसत नाही. आणि शेजारी विरळ, फुलोऱ्याचं माळरान, म्हणजे पिल्लांना किडे वेचता येतात. सगळा सीडर सपाट करू नका, सगळा ठेवूही नका.

गवत येईपर्यंत: सीडर तोडाल त्याच्या फांद्या गवताच्या झुबक्यांवर तिरक्या टाका, हरणांच्या तोंडातून गवत वाचतं. एप्रिल ते जुलै मोअर बाहेर काढू नका, नवऱ्याच्या हाताला कितीही खाज सुटली तरी.

---

लानोकाठची | १९ फेब्रुवारी, २२:०३

सगळ्यांचे आभार. नवऱ्याने काल रात्री आजोबांच्या परवानगीने त्यांच्या फीडरजवळ आपला ट्रेल कॅमेरा बांधला. एका रात्रीत: नऊ रकून (किंवा एकच रकून नऊ वेळा, सगळ्यांनी चोराचे मुखवटे घातलेत), दोन ओपोसम, एक डुकरीण पिल्लांसकट, सहा हरणं. टर्की सकाळी सातला आल्या तेव्हा उष्टंही उरलं नव्हतं.

आजोबांना फोटो दाखवले. म्हणाले, "मग रकून मारा." ते स्वतः सापळे लावतात. आमच्या घरात झुरळ मारण्यावरून दोन दिवस अबोला होतो, तिथे रकून कोण मारणार? भक्षक-नियंत्रणाचा रकाना आमच्यासाठी बाद.

---

रानभूल | १९ फेब्रुवारी, २२:३०

बाद नाही. फायर अँटचा बंदोबस्त त्याच रकान्यात धरतात. अंडं टोचून पिल्लू बाहेर येत असतानाच त्या मुंग्या आत शिरतात, तेव्हा तो मानाचा भक्षक आहे. मुंग्यांवर तुमच्या घरात अबोला नसेल अशी आशा. आणि रकूनचं म्हणाल, तर चार मारून काही होत नाही, जागा रिकामी झाली की शेजारचे येतात. मोठ्या टापूत, दर वर्षी, विणीच्या तोंडावर केलं तरच फरक पडतो. २२ एकरांत ते हातानं समुद्र उपसणं आहे.

पाण्याचा रकाना भरा. लहानसं टाकं, कडेला उतार, आत दगड, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. आणि शिरगणती तर फुकट आहे.

---

टवाळ_टोणगा | १९ फेब्रुवारी, २२:४१

शिरगणतीला आमचे मास्तर पाठवून देतो. त्यांना सवय आहे, माणसं, गुरं, मतदार, सगळं मोजून झालंय.

---

मिनेसोटातली_मृदुला | २१ फेब्रुवारी, ०६:१८

सगळे मक्यावर तुटून पडलेत म्हणून एक शब्द त्याच्या बाजूने. आमच्याकडे फूटभर भुसभुशीत बर्फ पडला की टर्कीला जमीन उकरता येत नाही. त्या झाडावर बसून राहतात, एखादा आठवडा उपाशी काढतात. तेव्हा शेतात उभा सोडलेला मका त्यांना तारतो. डेअरीवाले शेतावर शेण पसरतात, त्यातले दाणे वेचायलाही येतात. पण तो जगण्याचा प्रश्न झाला, विणीचा नाही. आणि टेक्सासात बर्फ कुठला.

---

लानोकाठची | २३ फेब्रुवारी, २०:२०

उभा सोडलेला... मृदुला, तुमच्यामुळे सासूबाईंना कल्पना सुचली. मायलोच्या गोणीतली पसाभर पेरून बघायची, टाक्याजवळ अर्धा गुंठा. म्हणाल्या, "जन्मभर माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकलली. एकदा पाखरांसाठी पेरून बघते."

मक्याची गोणी आजोबांना दिली.

---

पोल्ट्रीवाले_काका | २३ फेब्रुवारी, २१:००

पेरा, पण कोवळ्या ज्वारीची गुरांना किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे लक्षात असू द्या. शेजाऱ्याची गाय कुंपण ओलांडून आली तर टॅक्स राहील बाजूला.

---

गव्हाणी_घुबड | १२ जुलै, १९:३३

धागा वर काढतोय. ताई, पुढे काय झालं?

---

लानोकाठची | १२ जुलै, २२:५०

लिहायचं राहूनच गेलं.

अर्ज मंजूर झाला. पाणी, शिरगणती आणि फायर अँट, या तिघांवर. खाद्याचा रकाना कोरा ठेवला. मोअर गराजमध्ये, आणि नवरा खिडकीत.

एप्रिलमध्ये घरटं शोधलंच नाही. रानभूल यांनी व्यनितून (खासगी निरोपातून) दटावलं होतं की आपल्या पावलांच्या वासामागेही कोणी येऊ शकतं आणि अंडी घालायच्या दिवसांत मादी बिचकली तर घरटं सोडूनही देते. ९ जूनला सकाळी टाक्यापाशी एक मादी आली, मागे सहा पिल्लं. गवतात नाकतोडे उडत होते आणि पिल्लं त्यांच्यामागे ठेचकाळत होती. २० जूनला चार होती. गेल्या रविवारी चारच, पण आता कुंपणावरून उडून गेली.

आता याचं श्रेय कुणाला? पाऊस यंदा चांगला झाला, शरदातही आणि मार्चमध्येही. नुसत्या पावसानेही झालं असेल. आजोबा म्हणतात, "माझाच मका खाऊन गेलीय ती." त्यांच्या फीडरवर ती कॅमेऱ्यात दोनदा दिसली हेही खरं.

---

फोर्टवर्थचा_फौजदार | १३ जुलै, ०७:१०

सहातली चार पार पडली म्हणजे सुरेखच. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

---

रानभूल | १३ जुलै, ०८:०२

एका मादीवरून मी काही म्हणणार नाही, फौजदारांनीही म्हणू नये. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी ठेवा ताई, त्यात एक तरी कोरडं साल येऊ द्या. मग भांडू. बाकी चार पिल्लांचं अभिनंदन!

---

मिरजेची_मैना | १३ जुलै, ०९:२५

आणि सासूबाईंची ज्वारी?

---

लानोकाठची | १३ जुलै, २०:४४

वीतभर झाली तेव्हाच हरणांनी एका रात्रीत फस्त केली. सासूबाई मे महिन्यात साताऱ्याला परत गेल्या. फोनवर सांगितलं तर थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "गोफण पाठवू का?"